वतन नसलेलं साम्राज्य

सभा गाजवणाऱ्या वक्त्याला मराठीत 'मुलूखमैदान तोफ' म्हणायची पद्धत आहे. ही तोफ खरी आहे आणि विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आजही पाहायला मिळते. साडेचार मीटरच्या आसपास लांब, वजनाला सुमारे ५५ टन, आणि तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा जबडा. ती ओतली गेली मात्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १५४९ साली, निजामशाहीत. पुढे काही काळ परांड्याच्या किल्ल्यावर राहून ती आदिलशाहीत गेली. ती ओतणाऱ्या उस्तादाचं नाव तिच्यावरच कोरलेलं आहे. नाव महंमद, आणि शेवटी जोडलेली ओळख 'रूमी'.

रूमी म्हणजे रूमचा. रूम म्हणजे रोमच, पण इटलीतलं नव्हे. पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल होती. ती भूमी तुर्कांच्या हाती गेल्यावरही अरब, इराणी आणि आपल्याकडचे लोक तिला रूमच म्हणत राहिले. सोळाव्या शतकातल्या हिंदुस्थानात 'रूमी' हा शब्द तोफखान्याशी अगदी घट्ट जोडलेला होता. १५२६ मध्ये पानिपतावर बाबराने गाड्या दोरांनी एकमेकींना बांधून त्यांच्या आडोशाने बंदूकवाले उभे केले. ही रचना रूमी रीतीची होती, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. आपला 'तोफ' हा शब्दही मूळचा तुर्की.

त्या रूमवर राज्य करणारं घराणं म्हणजे उस्मानी. पाठ्यपुस्तकात आपण त्याला 'ऑटोमन' म्हणून ओळखतो. मूळ पुरुष उस्मान. अरबीतलं 'उथमान' तुर्की तोंडात 'ओस्मान' झालं आणि युरोपीय तोंडात 'ऑटोमन'. मी इथे उस्मानीच म्हणणार आहे, कारण उस्मान हे नाव आपल्या कानाला परकं नाही.

आपल्या शाळेत या साम्राज्याची भेट एका वाक्यापुरती होते: १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, पूर्वेकडचा व्यापारी मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्गाने भारत शोधायला निघाले. हे वाक्य मला नेहमी खटकत आलं आहे. मिरी आणि मसाला युरोपात जात होता तो मुख्यतः इजिप्त आणि सीरियातून. हे दोन्ही प्रदेश तेव्हा मामलूक सुलतानांकडे होते. उस्मान्यांनी ते घेतले १५१६-१७ मध्ये. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. शिवाय इजिप्त हाती आल्यावर उस्मान्यांनी तो व्यापार बंद केला नाही. जकातीचं असं उत्पन्न कोण सोडेल?

तेव्हा ते वाक्य बाजूला ठेवू आणि थेट मूळ प्रश्नाकडे जाऊ. साधारण १२९९ पासून १९२२ पर्यंत, सव्वासहाशे वर्षं, एकाच घराण्यातले ३६ सुलतान एका पाठोपाठ एक गादीवर बसले. बहमनी राज्य पावणेदोनशे वर्षांत मोडलं. मोगल १५२६ मध्ये आले आणि १८५७ मध्ये संपले, त्यातली शेवटची शंभर-सव्वाशे वर्षं तर नावापुरती. मग हे घराणं एवढं टिकलं कशावर?

आधी चार ओळींत घटनाक्रम. तुर्कस्तानच्या वायव्य कोपऱ्यातल्या सोउत नावाच्या छोट्या गावाभोवती उस्मानची टोळी होती. त्याच्या मुलाने १३२६ मध्ये बुर्सा शहर घेतलं. १३५४ मध्ये भूकंपाने गॅलिपोलीचा तट ढासळला, तुर्क त्या संधीने आत घुसले आणि युरोपात त्यांचं पाऊल पक्कं रोवलं गेलं. १४०२ मध्ये तैमूरने अंकाऱ्याजवळ सुलतानालाच कैद केलं आणि राज्य संपल्यात जमा झालं, पण दहा-अकरा वर्षांच्या भाऊबंदकीनंतर ते पुन्हा उभं राहिलं. १४५३ मध्ये एकवीस वर्षांच्या दुसऱ्या मेहमेदने कॉन्स्टँटिनोपल घेतलं. त्याची मोठी तोफ ओतून देणारा कारागीर ऑर्बान हा हंगेरीकडचा ख्रिस्ती होता. बंदराच्या तोंडाशी साखळी होती, तेव्हा मेहमेदने गलबतं डोंगरावरून ओढून पलीकडच्या पाण्यात उतरवली. पुढे पहिल्या सेलिमने सीरिया, इजिप्त आणि मक्का-मदिना मिळवल्या, आणि त्याचा मुलगा सुलेमान (१५२० ते १५६६) याच्या हयातीत राज्य बुडापेस्टपासून बगदादपर्यंत आणि अल्जीयर्सपासून एडनपर्यंत पसरलं.

लढाया सगळेच राजे जिंकतात. जिंकलेलं हातात कसं ठेवलं, हे पाहण्यासारखं आहे.

वतन द्यायचं नाही

मराठी माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण वतन म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण्यांचं वतन. राजा बदलला तरी वतन बदलत नाही, बापाचं मुलाकडे जातं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे राजाच्या सत्तेतले वाटेकरीच म्हटलं आहे. शिवाजी महाराजांनी वतनाऐवजी रोख पगारावर भर दिला तो याच अनुभवातून. पुढे सरंजाम सुरू झाले, तेही हळूहळू वंशपरंपरेने चालू लागले आणि शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले ही स्वतंत्र राज्यंच झाली.

उस्मान्यांनी या दुखण्यावर सुरुवातीलाच इलाज शोधला होता. त्यांच्या व्यवस्थेला 'तिमार' म्हणत. घोडेस्वाराला, म्हणजे सिपाह्याला, एका किंवा काही गावांचा महसूल लावून दिला जाई. त्यातून त्याने घोडा, हत्यारं आणि ठरलेली माणसं बाळगायची आणि मोहीम निघाली की हजर व्हायचं. जमीन त्याची नसे, ती सुलतानाची. कसणारं कूळ कसत असेल आणि सारा भरत असेल, तोवर सिपाही त्याला हुसकावू शकत नसे. सिपाही मेला की गाव परत सरकारात जमा. त्याच्या मुलाला तिमार मागायचा हक्क असे, पण तो लहान मिळे, बापाचंच गाव मिळेल याची खात्री नसे, आणि कामगिरी दाखवल्याशिवाय वाढत नसे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एका गढीत मुरलेला जमीनदार तयार व्हायला फारसा वाव उरला नाही.

हे चालायचं तर गावात काय आहे याची नोंद हवी. प्रांत जिंकला की कारकून निघत आणि घरटी नोंद करत. कुटुंबप्रमुखाचं नाव, जमीन, पिकं, गिरण्या, द्राक्षमळे, मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा. या वह्यांना ते 'देफ्तेर' म्हणत. आपलं 'दफ्तर' तेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले आहेत, तसाच इस्तंबूलच्या, म्हणजे पूर्वीच्या कॉन्स्टँटिनोपलच्या, दफ्तरखान्यात शेकडो वर्षांच्या वह्यांचा साठा आहे. हंगेरी, सर्बिया, पॅलेस्टाईन इथल्या खेड्यांचा सोळाव्या शतकातला इतिहास लिहायला बसणाऱ्याला आजही त्याच वह्या उघडाव्या लागतात.

गावचा चिरंजीव, सुलतानाचा दास

दुसरा उपाय याहून कठोर. बाल्कन प्रदेशातल्या ख्रिस्ती खेड्यांतून दर काही वर्षांनी मुलं उचलली जात. या पद्धतीला 'देवशिर्मे' म्हणत, म्हणजे गोळा करणं. साधारण चाळीस घरांमागे एक मुलगा. एकुलता एक असेल किंवा लग्न झालेलं असेल तर शक्यतो सोडून देत. मुलांना मुसलमान करून काही वर्षं आनातोलियातल्या, म्हणजे आशियाई तुर्कस्तानातल्या, शेतकरी कुटुंबांत ठेवत, म्हणजे भाषा आणि कष्ट दोन्ही अंगवळणी पडत. मग बहुतेक जण येनिचेरी या पायदळात जात. येनिचेरी म्हणजे 'नवी फौज'. निवडक हुशार मुलं थेट राजवाड्यातल्या शाळेत जात. तिथे कुराण, फारसी, हिशेब, घोडेस्वारी, सुलेखन शिकून ती पुढे सुभेदार आणि वजीर होत.

कायद्याने ही मुलं सुलतानाची दास. त्यांची मालमत्ता मेल्यावर सुलतानाकडे जाई. गावाकडची भाऊबंदकी पाठीशी नाही, त्यामुळे वजीर कितीही मोठा झाला तरी गादीवर हक्क सांगू शकत नसे. एका इशाऱ्यावर त्याचं डोकं उडवता येई आणि ते अनेकदा उडवलंही गेलं.

या पद्धतीचं कौतुक करणारे लोक भेटतात. गरिबाचा मुलगा वजीर झाला, असं ते सांगतात. ते खरं आहे, आणि आपली मुलं घ्या म्हणून बोस्नियातल्या मुसलमान कुटुंबांनी स्वतःहून केलेली मागणीही खरी आहे. पण ज्या आईचा मुलगा नेला, तिला तो वजीर होईल की हंगेरीच्या चिखलात मरेल हे माहीत नसायचं. बाल्कनच्या लोकगीतांत त्या दिवसाचा आक्रोश अजून ऐकू येतो. शरियतप्रमाणे संरक्षित ख्रिस्ती प्रजेला दास करता येत नाही, त्यामुळे धर्मशास्त्र्यांनाही या प्रथेचं समर्थन करणं अवघड जाई. मला ही दोन्ही सत्यं बरोबरच ठेवावीशी वाटतात.

ती दोन्ही एकाच माणसात पाहायला मिळतात. बोस्नियातल्या सोकोलोविची गावच्या एका सर्ब कुटुंबातला मुलगा असाच नेला गेला. तो झाला सोकोल्लू मेहमेद पाशा, १५६५ पासून १५७९ मध्ये खून होईपर्यंत तीन सुलतानांचा मुख्य वजीर. १५६६ मध्ये हंगेरीत सिगेत्वारच्या वेढ्यात वृद्ध सुलेमान छावणीतच वारला, तेव्हा ही बातमी यानेच कित्येक आठवडे फौजेपासून लपवली. नवा सुलतान येईपर्यंत सुलेमानच्या नावाने हुकूम सुटत राहिले. पण हा माणूस गाव विसरला नव्हता. १५५७ मध्ये सर्बियन चर्चचं पेच इथलं धर्मपीठ पुन्हा सुरू झालं त्यात त्याचा हात होता, आणि त्या पीठावर बसलेला पहिला धर्मगुरू मकारिये हा त्याच्याच नात्यातला. आपल्या मुलखात, विशेग्रादला, त्याने द्रिना नदीवर अकरा कमानींचा दगडी पूल बांधून घेतला. युद्धांत त्याच्या काही कमानी उडाल्या, पुन्हा बांधल्या गेल्या. पूल आजही उभा आहे.

गादीचा वारस

सगळ्यांचा वारसा तोडला, पण सुलतानाच्या मुलांचं काय? गादीवर थोरल्याचाच हक्क, असा नियम नव्हता. सगळे शहाजादे सारखेच वारस, आणि जो राजधानी आधी गाठील आणि फौजेला आपलीशी करील तो सुलतान. तैमूरनंतरच्या भाऊबंदकीची आठवण ताजी होती. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमेदच्या कायद्यात मग एक कलम आलं, की गादीवर बसणाऱ्याने राज्याच्या शांततेसाठी भावांना मारणं योग्य आहे. १५९५ मध्ये तिसरा मेहमेद गादीवर आला तेव्हा १९ भाऊ मारले गेले, त्यातली कित्येक लहान मुलं होती. राजवाड्यातून निघालेल्या त्या शवपेट्या पाहून इस्तंबूलची माणसं हळहळली.

१६०३ मध्ये तेरा वर्षांच्या पहिल्या अहमदने भावाला जिवंत ठेवलं. तिथून रीत बदलली. घराण्यातला वयाने सर्वांत मोठा पुरुष गादीवर बसू लागला आणि बाकीचे शहाजादे राजवाड्याच्या एका भागात बंद राहू लागले. त्या जागेला 'काफेस' म्हणत, म्हणजे पिंजरा. १६८७ मध्ये सुलतान झालेला दुसरा सुलेमान जवळजवळ चाळीस वर्षं तसा कोंडलेला होता. ज्याने बाहेरचं जग पाहिलंच नाही, त्याच्या हाती राज्य आलं.

चूल आणि कढई

आता माझ्या आवडीचा भाग. येनिचेरी पलटणीला ते 'ओजाक' म्हणत. ओजाक म्हणजे चूल. पलटणीच्या अधिकाऱ्याचा हुद्दा 'चोर्बाजी', म्हणजे सुरवा वाढणारा. तुर्की 'चोर्बा' आणि आपला 'सुरवा' एकाच फारसी 'शोरब्या'ची भावंडं. पलटणीची मोठी तांब्याची कढई निशाणाइतकीच पवित्र मानत. शिपायांनी सुलतानाचं अन्न नाकारून कढई उलटी केली की समजायचं, बंड झालं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान राखायचं ही कल्पना आपल्याकडेही आहे. तिथे तीच फौजेच्या रचनेत उतरली होती.

अन्न वाढणं हे राजाचं काम, ही समजूत शहरांच्या रचनेतही दिसते. सुलतान, त्याची बायको, वजीर यांच्यापैकी कुणीतरी वक्फ करी. एखाद्या बाजाराचं भाडं, एखाद्या गावाचं उत्पन्न कायमचं धर्मादाय लावून द्यायचं आणि त्यातून मशीद, मदरसा, दवाखाना, हमाम, सराई आणि 'इमारेत' चालवायचं. इमारेत म्हणजे अन्नछत्र. सुलेमानची बायको हुर्रेम आजच्या युक्रेनच्या बाजूकडून गुलाम म्हणून आली होती. तिला मुक्त करून सुलेमानने रीतसर निकाह लावला, ही त्या दरबारात न घडणारी गोष्ट होती. तिने १५५२ मध्ये जेरुसलेमला अन्नछत्र काढलं. तिथे रोज सुमारे ५०० जणांना सुरवा आणि रोटी मिळे. तिच्या नावाचं ते स्वयंपाकघर आजही आहे.

या सगळ्या इमारतींमागे एक नाव पुन्हा पुन्हा येतं, सिनान. कायसेरीजवळच्या एका ख्रिस्ती खेड्यातून देवशिर्मेत नेलेला मुलगा. येनिचेरी म्हणून मोहिमांत पूल आणि गलबतं बांधता बांधता तो पन्नाशीच्या सुमारास मुख्य स्थपती झाला आणि १५८८ मध्ये मरेपर्यंत त्या जागेवर राहिला. मशिदी, पूल, हमाम, जलवाहिन्या मिळून त्याच्या नावावर साडेतीनशेहून जास्त कामं आहेत. त्याच्यापुढे एक जुनं आव्हान होतं: आया सोफिया. सहाव्या शतकात बांधलेलं ते चर्च दुसऱ्या मेहमेदने मशीद केलं होतं आणि तेवढा घुमट हजार वर्षांत त्या मुलखात कुणाला जमला नव्हता. सिनानने एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत (१५७५ च्या सुमारास पूर्ण) सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट आठ खांबांवर तोलला. आत उभं राहिलं की खांब भिंतीत विरून जातात आणि सगळी जागा एकाच छत्राखाली आल्यासारखी वाटते. विजापूरचा गोल घुमट या घुमटाहून मोठा आहे, पण त्याचा भार जाड भिंतींवर आहे. सिनानने भिंती हलक्या करून खिडक्यांतून उजेड आत घेतला.

इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीच्या बांधकामाच्या हिशेबवह्याही शिल्लक आहेत. कोणत्या कारागिराला किती रोज, तो कुठला, धर्म कोणता, सगळं त्यात आहे. गवंडी आणि कारागिरांत ख्रिस्ती जवळपास निम्मे होते.

शेजार

त्या निम्म्या ख्रिश्चनांमुळे पुढचा प्रश्न येतो. या राज्यात बिगरमुसलमानांचं आयुष्य कसं होतं? ते जिझिया भरत. मुसलमानाविरुद्ध त्यांची साक्ष कमी तोलली जाई, नवी चर्च बांधायला अडचणी येत, कधी कपड्यांच्या रंगांवरही बंधनं येत. बरोबरीचे नागरिक ते नव्हते. पण लग्न, वारसा, शाळा, धर्मगुरू या बाबतीत त्यांचा कारभार त्यांच्याकडेच राहिला. मेहमेदने १४५४ मध्येच ग्रीक धर्मगुरूला पुन्हा पीठावर बसवलं. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, तेव्हा हजारो ज्यू कुटुंबांना दुसऱ्या बायझीदने आसरा दिला. त्यातली बरीच सालोनिकात, म्हणजे आजच्या ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत, वसली आणि चारशे वर्षं घरात जुनी स्पॅनिशच बोलत राहिली. त्या काळच्या युरोपात हे सहज घडणारं नव्हतं. आजच्या अर्थाने ती समता होती असं म्हणणंही चूक, आणि सगळा जुलूमच होता असं म्हणणंही चूक. सेलिमने आपल्याच शियापंथी प्रजेची कत्तल केली होती, हेही याच राज्यात घडलं.

वारसा परत आला

सतराव्या शतकात लढाईचं तंत्र बदललं. घोडेस्वारापेक्षा बंदूकवाल्या पायदळाची गरज वाढली, आणि त्याला गाव लावून चालत नाही, रोख पगार लागतो. रोकड आणायची कुठून? गावांचा महसूल बोली लावून मक्त्याने दिला जाऊ लागला. पेशवाईच्या अखेरीस आपल्याकडे मामलती इजाऱ्याने दिल्या गेल्या, तसंच. १६९५ पासून हा मक्ता तहहयात देऊ लागले आणि मग तो घराण्यात मुरू लागला. प्रांतोप्रांती 'आयान' नावाचे मातब्बर उभे राहिले. इकडे येनिचेरींनी लग्नं केली, मुलांना पलटणीत भरती केलं, बाजारात दुकानं टाकली. देवशिर्मे हळूहळू बंद पडली. जे दोनशे वर्षं अडवलं होतं ते वतन मागच्या दाराने आत आलं.

याला लगेच 'ऱ्हास' म्हणू नये, असं अलीकडचे इतिहासकार सांगतात, आणि मला ते पटतं. त्यानंतरही हे राज्य सव्वादोनशे वर्षं टिकलं. स्थानिक घराण्यांना कारभारात वाटा मिळाला म्हणूनही ते टिकलं असेल. पण किंमत मोजावी लागली. १६८३ मध्ये व्हिएन्नाचा दुसरा वेढा फसला, १६९९ मध्ये हंगेरी गेली. येनिचेरी आता नवी कवायती फौज उभारू देईनात. अखेर १८२६ मध्ये दुसऱ्या महमूदने त्यांच्या बराकींवर तोफा डागल्या आणि हजारोंना मारून ती चूल कायमची विझवली. १८३९ मध्ये धर्म न पाहता सगळ्या प्रजेच्या जिवाची आणि मालमत्तेची हमी देणारं फर्मान निघालं. तोवर ग्रीस स्वतंत्र झालं होतं आणि बाल्कनमधलं प्रत्येक राष्ट्र आपापला झेंडा शिवत होतं.

शेवटची वर्षं भयानक आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, या राज्याच्या सरकारने आर्मेनियन प्रजेला घरांतून उठवून वाळवंटाकडे हाकललं. लाखो माणसं मारली गेली किंवा उपासमारीने मेली. शेकडो वर्षांच्या शेजाराचा हा शेवट कोणत्याही सबबीखाली झाकता येत नाही.

त्याच युद्धात मराठी माणसाची या साम्राज्याशी थेट गाठ पडली. इराकमध्ये तैग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा इथे ब्रिटिशांची सहावी डिव्हिजन वेढ्यात अडकली. तिचं नावच 'पूना डिव्हिजन', आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. सुमारे पाच महिने, शेवटी शेवटी घोड्यांचं मांस खाऊन, तग धरल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तिने उस्मानी फौजेपुढे शस्त्रं ठेवली. कैदेत कित्येक शिपाई मेले. ती माणसं कुठल्या गावची होती, याच्या कथा आपण फारशा जपल्या नाहीत.

मागे काय उरलं

सारायेव्होत, अथेन्समध्ये, बैरूतमध्ये, कैरोत स्वयंपाकघरात डोकावलं तर उस्मानी नकाशा दिसतो. भाजी किंवा पान भरून शिजवलं की ते 'दोल्मा', म्हणजे शब्दशः 'भरलेलं'. आपल्या भरल्या वांग्यासारखंच. बकलावा आपलाच, असं यातले बहुतेक देश सांगतात. कॉफीचं दुकान, म्हणजे बसून गप्पा मारायची, कविता ऐकायची, बुद्धिबळ खेळायची जागा, इस्तंबूलमध्ये १५५० च्या दशकात सुरू झाली. लोक तिथे बसून राज्यकारभारावर बोलतात म्हणून चौथ्या मुरादने १६३३ मध्ये ती दुकानं बंद पाडली, पण बंदी टिकली नाही. देवी टोचण्याची पद्धत एका इंग्रज राजदूताच्या बायकोने, लेडी मेरी माँटेग्यूने, १७१७ मध्ये तुर्कस्तानातल्या बायकांकडून पाहिली आणि ती लंडनला घेऊन गेली.

एक धागा मात्र ठरवून तोडला गेला. १९२८ मध्ये आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक मुस्तफा कमाल अतातुर्क यांच्या सरकारने अरबी लिपी टाकून रोमन लिपी आणली, पाठोपाठ अरबी-फारसी शब्दही वेचून काढले. साक्षरता वाढली. पण आज इस्तंबूलचा तरुण आपल्या पणजोबांच्या कबरीवरचा मजकूर वाचू शकत नाही. खुद्द अतातुर्क यांचं १९२७ मधलं भाषणही सोप्या तुर्कीत करून छापावं लागतं. घरात मोडीतलं जुनं खत सापडल्यावर ते वाचणारा शोधत फिरलेल्या मराठी माणसाला ही अवस्था ओळखीची वाटेल.

१९२२ मध्ये सुलतानपद रद्द झालं. खलिफापद, म्हणजे मुसलमानांच्या प्रमुखाचं या घराण्याकडे असलेलं पद, आणखी जवळजवळ दीड वर्ष उरलं, आणि ते वाचवण्यासाठी सर्वांत मोठी चळवळ झाली ती हिंदुस्थानात. खिलाफत समिती १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झाली. भायखळ्याचं खिलाफत हाऊस त्या दिवसांची खूण आहे. ३ मार्च १९२४ रोजी नव्या तुर्कस्तानच्या अंकाऱ्यातल्या संसदेने ते पदही रद्द केलं आणि शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद याला कुटुंबासह देशाबाहेर पाठवलं. हैदराबादच्या निजामाने, मीर उस्मान अली खानाने, त्याला तनखा लावून दिला. त्या वेळी मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात खलिफाची मुलगी दुर्रूशेहवार हिचा निकाह निजामाच्या थोरल्या मुलाशी झाला. तिचा मुलगा मुकर्रम जाह, उस्मानी घराण्याचा नातू आणि निजामाचा नातू, १९६७ मध्ये आजोबांच्या गादीचा वारस झाला. गादी तोवर नावालाच उरली होती, आणि १९७१ मध्ये संस्थानिकांच्या पदव्या आणि तनखे रद्द झाल्यावर तेवढीही उरली नाही. जानेवारी २०२३ मध्ये तो इस्तंबूलला वारला. त्याचं शव विमानाने हैदराबादला आणलं आणि चारमिनारजवळच्या मक्का मशिदीत, आसफजाही पूर्वजांच्या शेजारी दफन केलं.